शिशाची कल्हई आणि अणुकेंद्रांची धाव

परभणीहून औंढा नागनाथला जाणारी वाट आम्हांला फार जुन्या ओळखीची आहे. पूर्वी तो सारा मुलूख परभणी जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा तिकडे गेले. त्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या महाविद्यालयीन मुलांच्या तोंडी एक प्रश्न वारंवार येऊ लागला. इतकी सूक्ष्म, इतकी अवघड यंत्रे आपल्या माणसांना घडविता येतात काय? की आपण केवळ जागा द्यायची आणि यंत्र मात्र परक्याने आणून ठेवायचे?

आम्ही तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान शिकलेले. पदार्थविज्ञान हे काही आमचे क्षेत्र नव्हे. तरीही त्या मुलांना उत्तर द्यावे म्हणून आम्ही शोध घेऊ लागलो. वेधशाळेच्या कामात जबाबदारी असणाऱ्या संस्थांपैकी एक, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, हीच संस्था अतिसंवाहक कणवेगवर्धकाच्या पोकळ्याही घडविते, हे त्या शोधात कळले. आणि त्या विद्येचा आपल्या महाराष्ट्रातील माग काढीत गेलो, तो थेट मुंबईच्या कुलाब्याला, समुद्राकाठच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाऊन पोहोचलो. तेथे घडलेली हकीकत येथे सांगावयाची आहे. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर त्या हकीकतीत आहे, असे आम्हांस वाटते.

झोका आणि धक्का

अणूच्या गाभ्यात काय आहे हे पाहण्यासाठी त्यावर दुसरा कण वेगाने आदळावा लागतो. विद्युत्‌भारित कण उच्च विद्युत्‌दाबातून गेला की त्याला ऊर्जा मिळते. मात्र दाब वाढवीत जावे तसे एका मर्यादेनंतर वीज हवेतून ठिणग्या टाकीत निसटते आणि सारा खेळ थांबतो. यावर नॉर्वेच्या रोल्फ विडेरो या तरुण अभियंत्याने जर्मनीत आखेन येथे १९२८ साली तोड काढली. त्याने पंचवीस हजार व्होल्टचाच दाब वापरला, पण कणाला तो योग्य क्षणी दोनदा दिला. कणाची ऊर्जा पन्नास हजार व्होल्टच्या दाबातून गेल्याइतकी झाली. पंचमीच्या झोक्याला एकच जबर धक्का देण्यापेक्षा, झोका परत येईल त्या त्या वेळी हलकासा धक्का देत राहिले की तो उंच जातो. विडेरोचे तत्त्व याहून निराळे नव्हते.

पुढे हे हलके धक्के देण्यासाठी धातूच्या पोकळ्या आल्या. या पोकळीत रेडिओ लहरी कोंडल्या म्हणजे तिच्यातले विद्युत् क्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलीत राहते. क्षेत्राची दिशा अनुकूल असेल नेमक्या त्याच क्षणी कण पोकळीतून जाईल अशी योजना केली की झाले. अडचण एकच होती. पोकळीच्या भिंतीतून जो विद्युत् प्रवाह खेळतो, तो तांबेही तापवितो. मोठे क्षेत्र अखंड राखावयाचे तर एकेका पोकळीत हजारो वॅट वीज नुसत्या उष्णतेत जाते. कणाच्या वाट्याला थोडेच येते. उरलेले सारे भिंत तापविण्यात खर्ची पडते.

हेलियमची कथा

येथे हेलियमचा आणि आपल्या देशाचा जुना संबंध सांगितला पाहिजे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात उमटलेली पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात पदार्थाची नव्हती. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यांनी तिचा संबंध नव्या मूलद्रव्याशी जोडला. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. कोकणात विजयदुर्गच्या किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवितात आणि हेलियमचा शोध येथेच लागला असे सांगतात. लॉकियर तेथे आले होते ही गोष्ट खरी, पण ती १८९८ च्या जानेवारीतील ग्रहणाच्या वेळची. १८६८ साली ते इंग्लंडातच होते, आणि १८९५ साली रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवरही शोधून काढले होते. आपल्या किल्ल्याचा मान यामुळे कमी होत नाही. मात्र इतिहास सांगताना सन चुकवू नये.

या हेलियम वायूचा द्रव करणे सर्वांत अवघड. हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ऑनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी ते साधले. द्रवरूप हेलियमचे तापमान केवळ ४.२ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअस. तीन वर्षांनी, १९११ साली, त्यांनी त्या थंडीत पारा ठेवून पाहिला तेव्हा त्याचा विद्युत् रोध अकस्मात नाहीसा झालेला आढळला. हीच अतिसंवाहकता. पुढे शिसे ७.२ केल्व्हिनखाली आणि निओबियम सुमारे ९.२ केल्व्हिनखाली याच अवस्थेत जाते असे दिसले.

मात्र रोध पूर्ण नाहीसा होतो तो एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापुरता. दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला अतिसंवाहकातही थोडासा रोध होतोच. पण तो तांब्याच्या मानाने लाखपटीने लहान असतो. इतक्या खालच्या तापमानातून एक वॅट उष्णता उपसून बाहेर काढावयाची तर शीतयंत्राला कित्येक शे वॅट वीज लागते. हा खर्च वजा घातला तरी शिल्लक शेकडोपट राहते. १९६५ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अतिसंवाहक पोकळीतून प्रथम इलेक्ट्रॉन धावले. ती पोकळी तांब्याची होती आणि तिला आतून शिशाचा मुलामा दिलेला होता. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

कुलाब्याचा निर्णय

भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांनी मिळून कुलाब्याला १४ दशलक्ष व्होल्टचा 'पेलेट्रॉन' बसविला. अमेरिकेत बनलेले हे यंत्र ३० डिसेंबर १९८८ रोजी सुरू झाले. त्याची युक्ती मोठी नामी आहे. एक इलेक्ट्रॉन जास्त असलेला, म्हणजे ऋणभारित, आयन वरच्या उच्चदाबाच्या घुमटाकडे खेचला जातो. घुमटात कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना त्याचे अनेक इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि तो धनभारित होतो. मग तोच घुमट त्याला दूर लोटतो. समजा सिलिकॉनच्या आयनाने खाली येताना दहा इलेक्ट्रॉनांचा धनभार धारण केला, तर त्याला जाताना १४ आणि येताना १४०, अशी एकूण १५४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक दशांश होतो.

एवढ्याने भागत नव्हते. दोन अणुकेंद्रे एकमेकांना भिडावयाची तर त्यांतील परस्परांना लोटणाऱ्या विद्युत्‌भारावर मात करावी लागते, आणि केंद्रे जितकी जड तितका हा विरोध मोठा. जड आयनांना आणखी ऊर्जा द्यावयाची तर पेलेट्रॉनच्या पुढे दुसरा वेगवर्धक जोडणे प्राप्त होते. तो अतिसंवाहक असावा असे ठरले. पण कोणत्या धातूचा?

त्या काळी जगात दोन पंथ होते. अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेने १९७८ पासून निओबियमच्या पोकळ्यांनी जड आयनांना वेग देण्यास आरंभ केला होता. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाने तांब्यावर शिसे चढवून १९८३ साली आपला वेगवर्धक चालू केला. त्याच वर्षी बेन-झ्वी आणि ब्रेनन यांनी चतुर्थांश तरंगलांबीच्या अनुस्पंदकाची उपयुक्तता दाखवून दिली. निओबियम हा गुणाने श्रेष्ठ. तो अधिक क्षेत्र सोसतो आणि वरच्या तापमानापर्यंत अतिसंवाहक राहतो. पण तो महाग, जोडावयास अवघड, निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनांच्या झोताने सांधावा लागणारा. तांबे आपल्या कारागिरांच्या हातचे. दिल्लीच्या न्यूक्लिअर सायन्स सेंटरने, म्हणजे आजच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राने, अरगॉनच्या सहकार्याने निओबियमची वाट धरली आणि पुढे त्या पोकळ्या स्वतःच्या कर्मशाळेत घडविल्या. कुलाब्याने तांबे आणि शिसे निवडले.

आमच्या परभणीच्या गल्ल्यांतून एके काळी कल्हईवाल्याची हाक येत असे. अंगणात तो भाता लावी, तांब्या-पितळेचे भांडे तापवी, नवसागर टाकून ते स्वच्छ करी आणि कथलाचा हात फिरवताच आतली बाजू चांदीसारखी उजळे. भांडे तांब्याचेच राही, पण अन्नाशी संबंध यावयाचा तो कथलाचा. कुलाब्याचा अनुस्पंदक हा तसाच प्रकार आहे. अंग तांब्याचे, आतून शिशाचा थर. थराची जाडी सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. विद्युत् प्रवाह खेळतो तो अतिसंवाहकाच्या त्याहूनही पातळ पृष्ठभागात. तांब्याने फक्त आकार सांभाळावयाचा आणि उष्णता झटकन हेलियमकडे न्यावयाची. फरक एवढाच की कल्हईवाल्याच्या हातून एखादा डाग राहिला तर गृहिणी कुरकुरत असे. येथे मात्र एका डागाने सारी पोकळी निकामी होते.

दोन मायक्रॉनांची साधना

अनुस्पंदकाची कंप्रता १५० दशलक्ष आवर्तने ठरली. या लहरीची लांबी दोन मीटर. तिचा चौथा हिस्सा अर्धा मीटर. म्हणून पोकळीच्या मध्यभागी साधारण तेवढ्या लांबीचा दांडा, एका टोकाला जोडलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा. कण मोकळ्या टोकाजवळून आरपार जातो आणि त्याला दोन फटींत दोन धक्के मिळतात. प्रकाशाच्या दशांश वेगाने जाणारा कण अर्ध्या आवर्तनात सुमारे दहा सेंटिमीटर पुढे सरकतो. दोन फटींतील अंतर याच हिशेबाने ठेवावे लागते. पेलेट्रॉनमधून निघणाऱ्या आयनांचा वेग आणि अनुस्पंदकाची घडण यांची अशी सांगड घातली आहे.

असे चार अनुस्पंदक एका शीतपात्रात, आणि अशी सात शीतपात्रे, एकूण अठ्ठावीस. प्रत्येकाने मीटरमागे अडीच ते तीन दशलक्ष व्होल्टचे क्षेत्र द्यावे आणि सहा ते नऊ वॅटपेक्षा अधिक उष्णता करू नये, ही अपेक्षा. अठ्ठाविसांचा हिशेब केला तर उष्णता १६८ ते २५२ वॅट होते. घरातील दोन-तीन जुन्या दिव्यांइतकी ही उष्णता. पण ती ४.५ केल्व्हिनवरून उपसावयाची म्हणून तेवढ्यासाठी हेलियमचे भले मोठे शीतयंत्र उभे करावे लागले.

मग सुरू झाली पृष्ठभागाची साधना. तांब्याचा प्रत्येक ओरखडा घासून काढावयाचा, रसायनांनी तो निर्मळ करावयाचा, विद्युत् विलेपनाने शिसे चढवावयाचे, शुद्ध पाण्याने धुऊन ओलावा राहणार नाही अशा रीतीने वाळवावयाचे. शिसे ओल्या हवेत लगेच काळवंडते, आणि कुलाब्याची हवा तर समुद्राची. थरात खाच राहिली की तेथे उष्णता साचते आणि त्या जागेची अतिसंवाहकता मोडते. धुळीचा कण राहिला तर त्यातून इलेक्ट्रॉन उसळू लागतात आणि पोकळीची ऊर्जा खाऊन टाकतात. थर बिघडला तर दुरुस्ती नाही. सगळे शिसे उतरवून पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

पोकळी चांगली झाली की दुसरे संकट पुढे येते. अतिसंवाहक अनुस्पंदक आपल्या स्वरात इतका पक्का असतो की जराशा थरथरीने, हेलियमच्या दाबातील बारीक चढउताराने, तो बेसूर होतो. अठ्ठाविसांच्या अठ्ठावीस पोकळ्या एका तालात राहिल्या तरच कणाला प्रत्येक ठिकाणी वेळेवर धक्का मिळणार. त्यासाठी लागणारी नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राने देशातच तयार केली.

पहिल्या टप्प्यातील तीन शीतपात्रांतून सप्टेंबर २००२ मध्ये कणांचा झोत पुढे गेला. सातही शीतपात्रे पूर्ण होऊन २८ नोव्हेंबर २००७ रोजी हा वेगवर्धक संशोधकांच्या हाती सोपविण्यात आला. पेलेट्रॉन सुरू झाल्यापासून एकोणीस वर्षे लोटली होती. मधल्या काळात, मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर, अनेक देशांनी भारतावर निर्बंधही लादले होते. अशा दिवसांत एखादी वस्तू आपल्या हातांनी घडविता येणे याचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको.

जग कोठे गेले

कोणी म्हणेल, एकोणीस वर्षांत जग किती पुढे गेले! शिशाच्या पोकळ्या तोवर मागे पडल्या नव्हत्या काय? हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. निओबियमचे सामर्थ्य शिशाच्या आवाक्यात नाही, हे खरेच आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ २०१७ साली सुरू झालेल्या क्ष-किरण यंत्रात निओबियमच्या साडेसातशेहून अधिक पोकळ्या इलेक्ट्रॉनांना साडेसतरा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेतात. मीटरमागे तीस दशलक्ष व्होल्टच्या पलीकडे निओबियम पोहोचला आहे. पन्नासच्या आसपास निसर्गच हात धरतो असे तज्ज्ञ मानतात.

परंतु जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेची गोष्ट पाहा. तेथील सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यात पूर्वी जो 'लेप' वेगवर्धक होता, त्यातील २८८ अतिसंवाहक पोकळ्यांपैकी बहुतेक तांब्याच्या होत्या आणि त्यांवर निओबियमचा पातळ थर होता. आज त्याच बोगद्यात असलेल्या, हिग्ज कणाचा शोध लावणाऱ्या यंत्रातील सोळा पोकळ्याही तशाच आहेत. इटलीत लेन्यारो येथे तर तांब्याच्या अनुस्पंदकांवरील शिसे उतरवून त्याच तांब्यावर निओबियम चढविण्यात आले. म्हणजे धातू बदलला, पण तांब्यावर पातळ थर देण्याची कल्पना जगातील सर्वांत मोठ्या यंत्रातही टिकून राहिली. कुलाब्याची वाट ही गरिबाची पळवाट नव्हती. ती एका चालू विचारधारेतली वाट होती.

आपल्याकडेही काम थांबले नाही. इंदूरच्या केंद्राने दिल्लीच्या संस्थेच्या साहाय्याने निओबियमच्या एकघरी पोकळ्या घडविल्या, अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत त्यांची कसोटी झाली. पुढे लेसरने निओबियम सांधण्याची रीतही इंदूरने काढली. होळकरांचे इंदूर मराठी माणसाला परके नाही. १६ एप्रिल २०१८ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात न्यूट्रिनो संशोधनाचा करार झाला आणि फर्मी प्रयोगशाळेच्या नव्या ८०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अतिसंवाहक वेगवर्धकात भारतीय संस्था भागीदार झाल्या. ट्रॉम्बेत तयार झालेल्या पोकळ्या शिकागोजवळ जाऊन कसाला उतरल्या. एके काळी यंत्र तिकडून इकडे आले. आता काही भाग इकडून तिकडे जातात.

मग आम्हांला काय?

आमच्या कोरडवाहू जिल्ह्यातील शेतकऱ्याने विचारावे, की या सगळ्याचा मला काय उपयोग, तर तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुलाब्याच्या वेगवर्धकाने एकाही विहिरीला पाणी लागले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे अणुकेंद्रांचे आकार, त्यांचे फिरणे, त्यांचे फुटणे यांचा अभ्यास होतो. तो ज्ञानासाठीच होतो. पण विद्या एका खोलीत कोंडून राहत नाही. टाटा संस्थेतील सूक्ष्मतरंग अभियांत्रिकीच्या गटातून १९८४ साली मुंबईची 'समीर' ही संस्था उभी राहिली. तिने कर्करोगाच्या उपचारासाठी लागणारा वेगवर्धक देशात तयार केला आणि तो सेवाग्रामच्या रुग्णालयात बसविला गेला. तो तांब्याचा, साधा, अतिसंवाहक नव्हे. पण घडविणाऱ्यांचे घराणे एकच. आपल्याकडील रुग्ण नांदेडला वा छत्रपती संभाजीनगरला जाऊन ज्या एमआरआय यंत्राच्या नळीत निजतो, त्याच्या चुंबकातही अतिसंवाहक तारेची वेटोळी असतात आणि ती हेलियमच्याच थंडीवर जगतात.

तथापि आमच्या मते खरा लाभ याहून निराळा आहे. ग्रंथातून सूत्र मिळते, बाजारातून यंत्र मिळते; पण दोन मायक्रॉनांचा निर्दोष थर कसा द्यावा हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात पूर्ण उतरत नाही. ते बिघडलेल्या पोकळ्यांतून, पुन्हा पुन्हा उतरविलेल्या शिशातून, एका हातातून दुसऱ्या हाती जाते. आपल्या समाजाने शतकानुशतके लेखणी धरणाऱ्यास वर आणि भाता फुंकणाऱ्यास खाली बसविले. कुलाब्याच्या कर्मशाळेत मात्र शास्त्रज्ञाचे समीकरण कारागिराच्या हातावाचून अडून राहिले, आणि कारागिराचा हात समीकरणावाचून आंधळा ठरला. दोघे एका बाकावर बसले तेव्हाच अणुकेंद्रे धावली.

परभणीच्या गल्लीतील कल्हईवाला आता दिसत नाही. स्टीलची भांडी आली आणि त्याच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. त्याच्याबरोबर एक कसब गेले, ते आपण कोणी लिहून ठेवले नाही. अतिसंवाहक पोकळ्या घडविणाऱ्यांचे कसबही असेच नाजूक आहे. एक पिढी निवृत्त झाली आणि पुढची पिढी तिच्या हाताखाली वावरली नाही, तर तेही त्याच वाटेने जाईल.

आता त्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर. होय, ही यंत्रे आपल्या माणसांना घडविता येतात. कुलाब्यात ती घडली. मात्र त्यासाठी एकोणीस वर्षे थांबण्याची, शिसे उतरवून पुन्हा चढविण्याची आणि हात काळे करून घेण्याची तयारी लागते. औंढ्याच्या माळावर उद्या जी वेधशाळा उभी राहील, तिच्यात पाहुणा म्हणून जायचे की कारागीर म्हणून, हे या मुलांनीच ठरवावयाचे आहे.